काचदर्शक, मोटारगाडीतील

चालकाला लागणारी माहिती, तसेच अंधार, धुके वा आडोसा यांमुळे नजरेस न पडणाऱ्या धोक्याची सूचना, मोटारगाडीच्या पुढील काचेतून दिसणाऱ्या दृश्यावरच प्रकाशाने उमटविणारी प्रयुक्ती. व्यवहारात ती ‘हेड-अप डिस्प्ले’ या नावाने परिचित आहे. चालकाला मान खाली घालावी लागू नये, हा तिचा मूळ हेतू होय. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सु. १७ मी. अंतर तोडते. वेगमापकाकडे टाकलेल्या ओझरत्या नजरेची किंमत यावरून ध्यानात येईल.

या प्रयुक्तीचा उगम रस्त्यावर नसून युद्धसाहित्यात आहे. डब्लिन येथील दुर्बिणींचे निर्माते हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये तोफा-बंदुकांसाठी परावर्तनी लक्ष्यदर्शकाचे एकस्व मिळविले. तिरप्या बसविलेल्या काचेवरून परावर्तित होणारे खुणेचे किरण त्यात समांतर केलेले असत. त्यामुळे ती खूण काचेवर नव्हे, तर दूरवरच्या लक्ष्यावरच असल्यासारखी भासे आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला जवळचे व लांबचे असे दुहेरी समायोजन करावे लागत नसे. पुढील सर्व काचदर्शक याच तत्त्वावर उभे आहेत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांत असे लक्ष्यदर्शक सर्रास वापरले गेले. १९५८ साली प्रथम उडालेल्या ब्लॅकबर्न बकॅनियर या ब्रिटिश विमानात उड्डाणविषयक माहितीही वैमानिकाच्या डोळ्यांसमोर आणण्यात आली.

या साधनाची उणी बाजूही विमानविद्येतच प्रथम उघडकीस आली. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी वैमानिकांना सदृशकात (विमानाच्या प्रतिकृतीत) बसवून विमान उतरविण्यास सांगितले होते आणि धावपट्टीवर अनपेक्षितपणे दुसरे विमान आडवे दाखविले होते. काचदर्शक वापरणाऱ्या आठांपैकी दोघांना ते दिसलेच नाही. काचेवरील चिन्हांत गुंतलेले लक्ष त्याच दिशेच्या पलीकडील वस्तूवर पोहोचत नाही. तेव्हा नजर रस्त्यावर असणे आणि लक्ष रस्त्यावर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोटारगाड्यांच्या जाहिरातींत मात्र हा भेद क्वचितच आढळतो.

मोटारगाडीत ही प्रयुक्ती १९८८ साली आली. जनरल मोटर्स कंपनीच्या ओल्ड्समोबिल कटलास सुप्रीम या गाडीच्या काही नगांत वेगाचे आकडे काचेवर दिसत. पण हे आकडे वेगमापकाचेच होते. डोळ्याला न दिसणारे काही दाखविण्याची सुरुवात २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिलपासून झाली. तिच्यातील कॅमेरा उष्ण वस्तूंपासून निघणारे अवरक्त प्रारण टिपी आणि दिव्यांच्या झोताबाहेरील माणूस वा जनावर काचेच्या खालच्या भागात फिकट आकृतीच्या रूपाने दिसे. मात्र ती आकृती ओळखण्याचे काम चालकाचेच होते. होंडा कंपनीच्या लेजंड या गाडीत (२००४) दोन अवरक्त कॅमेऱ्यांच्या साहाय्याने पादचारी ओळखण्याचे काम संगणकाकडे आले; तो पादचाऱ्याभोवती चौकट आखून ध्वनीनेही इशारा देई. येथे चित्राची जागा सूचनेने घेतली, म्हणजे निर्णयाचा एक भाग यंत्राकडे गेला.

चौकट प्रत्यक्ष वस्तूवरच बसली, तर त्यास ‘संवर्धित वास्तव’ म्हणतात. बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल यांनी १९९० मध्ये विमानातील तारांच्या जुळणीसंदर्भात योजलेली ही संज्ञा पुढे मोटार उद्योगाने उचलली. मर्सेडीझ-बेंझच्या २०२० सालच्या एस-क्लास गाडीत आभासी प्रतिमा चालकापुढे सु. १० मी. अंतरावर भासते. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. ३० मी. दूरच्या माणसावरील खूण एका अंशाने चुकली, तरी ती सु. अर्धा मीटर बाजूला सरकते. म्हणून गाडीचे हेलकावे व चालकाच्या डोळ्यांची जागा यांचा हिशेब क्षणोक्षणी ठेवावा लागतो. काचेच्या दोन्ही पृष्ठांवरून होणाऱ्या परावर्तनाने प्रतिमा दुहेरी दिसू नये, म्हणून काचेच्या दोन थरांमधील प्लॅस्टिकचा पापुद्रा पाचरीसारखा निमुळता करतात. चालकाने ध्रुवणकारी चष्मा घातला असल्यास प्रतिमा बहुतांशी नाहीशी होते.

वळणाआडचे वा ट्रकच्या पुढचे संकट कॅमेऱ्यालाही दिसत नाही. त्यासाठी वाहनांनी परस्परांना रेडिओ-संदेश पाठविले पाहिजेत. अमेरिकेत या कामासाठी १९९९ मध्ये ५·९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा राखून ठेवण्यात आला. त्याचा वापर फारसा न झाल्याने २०२० मध्ये त्यातील ४५ मेगाहर्ट्झ काढून घेण्याचा निर्णय झाला. संदेश न पाठविणारे वाहन अशा व्यवस्थेला नसल्यासारखेच असते, आणि कोरी काच पाहून चालक रस्ता मोकळा असल्याचे गृहीत धरू शकतो.

महाराष्ट्रात पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या विद्युत् गाड्यांच्या वरच्या श्रेणींत २०२५ पासून अशी व्यवस्था उपलब्ध झाली आहे. गळीत हंगामात रात्री याच भागातील रस्त्यांवरून दिवा वा परावर्तक नसलेल्या, उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्यांकडे जात असतात.