मागेल त्याला काम आणि केंद्राची तिजोरी

भारताच्या राज्यघटनेत काम मिळण्याच्या हक्काचा उल्लेख मूलभूत हक्कांच्या भागात नाही, तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. अनुच्छेद ४१ प्रमाणे राज्यसंस्थेने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य व आजारपण अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद करावयाची आहे. परंतु मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत. दुसरीकडे सातव्या अनुसूचीने सामाजिक सुरक्षा, रोजगार आणि बेकारी हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे संसद आणि राज्य विधिमंडळे या दोहोंनाही कायदा करता येईल अशा विषयांच्या यादीत घातले. त्यामुळे ‘आर्थिक क्षमता’ मोजायची ती केंद्राची की राज्याची, हे घटनेने मोकळेच ठेवले, आणि स्वतंत्र भारतातील कल्याणकारी धोरणाचा बराचसा इतिहास या मोकळ्या जागेत घडला. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

दुष्काळात लोकांना फुकट धान्य न देता काम द्यावे आणि कामाची मजुरी द्यावी, ही रीत ब्रिटिश अमदानीत पक्की झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये रस्ते आणि तलावांची कामे निघाली, पण खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी मध्यवर्ती सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले आणि त्यांनी मजुरीतील धान्याचे माप दिवसाला सुमारे एक पौंडापर्यंत खाली आणले. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला एवढे धान्य पुरणे शक्यच नव्हते. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या दराने काम करण्यास नकार देऊन कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे सातत्याने दाद मागितली. त्यानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाने आखून दिलेल्या धोरणातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता, म्हणजे टंचाई कधी जाहीर करावी, कामे कशी काढावीत आणि मजुरी किती द्यावी याचे लेखी नियम, तयार झाले. या संहितांनी अधिकाऱ्यांना कर्तव्य सांगितले, मात्र मजुराच्या हाती कोणताही हक्क दिला नाही. काम केव्हा निघेल आणि केव्हा बंद होईल हे ठरवणारे सरकारच राहिले.

स्वातंत्र्यानंतर निवारणकार्य राज्यांकडे आले, पैशाची दोरी मात्र दिल्लीत राहिली. केंद्र आणि राज्यांतील महसुलाची वाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगांपैकी दुसऱ्या आयोगापासून प्रत्येक राज्याच्या अर्थसंकल्पात आपत्तीसाठी ठरावीक रक्कम बाजूला धरण्याची पद्धत सुरू झाली. ती अपुरी पडली की केंद्राचे पथक येई, पाहणी करी आणि मदतीची कमाल मर्यादा ठरवून देई. मदत मिळाली तरी ती त्या वर्षापुरतीच असे, म्हणून कोणतेही राज्य तिच्या भरवशावर कायमस्वरूपी वचन देऊ शकत नव्हते.

असे वचन देण्याची कल्पना मांडली ती विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, तिचा पहिला प्रयोग झाला. त्यांची मांडणी साधी होती: खेड्यातील जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला शासनाने ते दिलेच पाहिजे, आणि ते काम जमिनीचा कस व पाण्याची साठवण वाढवणारे असले पाहिजे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात ग्रामीण बांधकामांतून रोजगार देण्याचा आग्रह धरला, त्यामुळे या विचाराला अर्थशास्त्राचे बळही मिळाले. १९७२ साली वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना राज्यभर लागू झाली, परंतु त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि ती बाजूला ठेवून टंचाईची कामे काढावी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या बायका, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रेशनवर मिळणारी मिलो ही लाल ज्वारी हे त्या पिढीचे सामाईक स्मरण आहे. या अनुभवातून एक गोष्ट सिद्ध झाली, आणि पुढच्या सगळ्या वादांत ती विसरता कामा नये: लाखो मजुरांना महिनोन्‌महिने काम देणे प्रशासनाला जमते, फक्त पैसा वेळेवर यावा लागतो.

नेमका तोच पैसा पुढे अनिश्चित झाला. सहाव्या वित्त आयोगाने टंचाईसाठी दिल्या जाणाऱ्या स्वतंत्र केंद्रीय साहाय्याची जुनी पद्धत मोडीत काढण्याची शिफारस केली आणि राज्यांना पंचवार्षिक योजनेच्या चौकटीत मदत शोधावी लागली. महाराष्ट्राने यावर काढलेला मार्ग देशात अपूर्व होता. १९७५ च्या कायद्याने पगारदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला; त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरील आणि बागायती जमिनीवरील अधिभार आला आणि जमलेल्या रकमेएवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. या कराचा मोठा भाग मुंबईतून येत असे, म्हणजे शहरातील कारकून, कामगार आणि वकील यांच्या पगारातून दरमहा कापला जाणारा पैसा मराठवाड्यातील पाझर तलावाच्या बांधावर पोहोचत होता. शहर आणि खेडे यांच्यातील असा उघड, कायद्याने बांधलेला देवाणघेवाणीचा करार आधुनिक महाराष्ट्राच्या राजकारणातील फार मोलाची गोष्ट आहे, आणि तिची जेवढी नोंद घेतली जायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही.

१९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमी अधिनियम एकमताने मंजूर केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मजुराने तलाठी किंवा ग्रामसेवकाकडे नाव नोंदवून कामाची मागणी करायची, पंधरा दिवसांत काम मिळायचे आणि न मिळाल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यायचा, ही त्यातील मुख्य तरतूद. नवे काम काढण्यासाठी साधारणपणे किमान पन्नास मजुरांची मागणी लागे. कामावर मुकादम हजेरीपट भरी; मग खणलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली मोजून घनमापावर टोळीची मजुरी निघे आणि ती टोळीतल्या माणसांत विभागली जाई. मोजमाप कमी लिहिले गेले की दिवसभर राबूनही हातात थोडेच पैसे पडत, त्यामुळे मजुरांच्या संघटनांचे निम्मे भांडण मोजमापाच्या पुस्तकाशी असे. तरीही या कामांवर जवळजवळ निम्म्या मजूर स्त्रिया होत्या, कारण काम गावाच्या जवळ होते आणि मागणी करण्यासाठी कोणाची शिफारस लागत नव्हती.

केंद्र सरकार या काळात वेगळ्याच वाटेने चालले होते. १९७७ चा ‘कामासाठी धान्य’ कार्यक्रम, १९८० चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रम, १९८३ चा ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रम, १९८९ ची जवाहर रोजगार योजना आणि १९९३ ची रोजगार आश्वासन योजना या सर्वांत केंद्राने राज्यांना वर्षाची रक्कम ठरवून दिली, आणि रक्कम संपली की काम संपले. एकाच्या नावात ‘हमी’ आणि दुसऱ्याच्या नावात ‘आश्वासन’ असूनही मजुराला काम मागून घेता येत नव्हते. खर्चाची वाटणी ५०:५०, ८०:२०, ७५:२५ अशी बदलत राहिली, मात्र ठरलेल्या वाटपाला मागणीशी जोडण्याचे धाडस कोणत्याही केंद्र सरकारने केले नाही.

ते धाडस २००५ मध्ये झाले. अन्न हक्काच्या चळवळीचा रेटा आणि २००४ च्या निवडणुकीनंतरच्या किमान समान कार्यक्रमातील वचन यांतून राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संसदेत मंजूर झाला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत लागू झाला. २००८ पर्यंत तो देशभर पोहोचला आणि २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च आणि साहित्याच्या खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा केंद्राने उचलायचा, बेकारी भत्ता मात्र राज्याने आपल्या खिशातून भरायचा, अशी त्याची रचना होती. तिच्यामागचा हिशेब शहाणपणाचा होता: काम दिले तर बहुतेक पैसा दिल्लीचा, काम नाकारले तर दंड राज्याचा. कलम २८ ने राज्यांचे स्वतःचे तेवढेच किंवा अधिक चांगले कायदे चालू ठेवण्याची मुभा दिली, आणि तिचा अर्थ व्यवहारात महाराष्ट्रापुरताच होता.

या बदलाने मागास राज्यांतील मजुरांना जे मिळाले ते त्यांची सरकारे स्वबळावर कधीच देऊ शकली नसती, आणि म्हणून केंद्राची जबाबदारी इथे निर्विवाद ठरते. तथापि महाराष्ट्रासाठी देवघेवीचा हिशेब इतका सरळ नव्हता. कलम ६ मुळे किमान वेतन अधिनियम बाजूला ठेवून मजुरीचा दर ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. त्याहून महत्त्वाचा फरक हक्काच्या धन्याचा होता. राज्याच्या कायद्यात हक्क प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा होता आणि दिवसांची मर्यादा नव्हती; केंद्राच्या कायद्यात तो कुटुंबाचा झाला आणि वर्षाला १०० दिवसांवर थांबला. घरात सासू, सून आणि मुलगा असे तिघे कामावर जाणारे असले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तेहतीस दिवस येत, आणि त्यातले कोणाचे आधी संपवायचे हे घरातच ठरे. १९७७ च्या कायद्यात सुनेला हा प्रश्न घरात विचारावा लागत नव्हता. महाराष्ट्राने आपल्या कायद्यातील २००६ च्या सुधारणेनंतर १०० दिवसांपुढच्या कामाचा भार आपल्या निधीवर घेतला, त्यामुळे एकाच पाझर तलावावर, एकाच कुटुंबाच्या शंभराव्या दिवसाची मजुरी केंद्राच्या खाती पडू लागली आणि एकशे एकाव्या दिवसाची राज्याच्या.