रात्री तीन वाजताचा डोनर

बर्लिनमध्ये बार बंद व्हायची ठरलेली वेळ नाही. मुंबईत दीड वाजत आला की दिवे लागतात, वेटर बिल आणून ठेवतो आणि सगळं पब्लिक एकदम फुटपाथवर येतं. बर्लिनकर आपापल्या सोयीने उठतात. कोणी एकला, कोणी तीनला, कोणी थेट उजाडल्यावर. बाहेर पडल्यावर गत मात्र सगळ्यांची एकच, पोटात कावळे ओरडत असतात. कोपऱ्यावर एक दुकान उघडं असतं, काचेमागे उभ्या सळईवर मांसाचा मोठा कोन फिरत असतो. पाच मिनिटांत पावात कोंबलेला, कागदात गुंडाळलेला डोनर हातात येतो आणि माणूस तो खात खात भुयारी रेल्वेच्या जिन्याकडे निघतो.

डोनरची कुळकथा सांगणारे बहुतेक जण एकाच प्रश्नाभोवती फिरतात: पहिला कोणी केला? त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. पण या खाण्याची कुंडली मांडायची तर ती मांसापासून नव्हे, रात्रीपासून मांडावी लागते असं माझं ठाम मत आहे.

ती रात्र १९४९ सालची. युद्धात हरलेल्या बर्लिनचे चार तुकडे झाले होते. पूर्वेला सोव्हिएत, पश्चिमेला अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच. पबांना बंद व्हायची सक्तीची वेळ होती आणि पूर्वेकडे उशिरापर्यंत प्यायला मिळतं म्हणून पश्चिमेचं गिऱ्हाईक तिकडे वळत होतं. हॉटेलवाल्यांच्या संघटनेचा पुढारी हाइन्त्स त्सेलरमायर अमेरिकन विभागाचा कमांडंट जनरल फ्रँक हाउली याला जाऊन भेटला. वेळ तासाभराने वाढवून काय होणार, बंद व्हायची वेळच काढून टाका, असं त्याने जनरलला पटवलं. या भेटीत व्हिस्कीची बाटली होती, हे बर्लिनकर आजही आवडीने सांगतात. त्या वर्षीच्या जूनपासून पश्चिम बर्लिनचे पब रात्रभर उघडे राहू लागले. आपल्याकडे मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला तोही नेमका १९४९ सालीच. एक शहर रात्र उघडत होतं, तेव्हा दुसरं ती कुलूपबंद करत होतं.

उघड्या रात्रीला खाणं हवं. ते पहिल्यांदा दिलं हेर्टा हॉयव्हर या बाईने. ४ सप्टेंबर १९४९ रोजी शार्लोटेनबुर्ग भागातल्या आपल्या टपरीवर तिने भाजलेल्या सॉसेजवर टोमॅटोचा तिखटगोड रस्सा आणि करी पावडर घालून दिली. हेच करीवुर्स्ट. ही करी पावडर ब्रिटिशांनी आपल्याकडून उचलून जगभर नेलेली. ढिगारे उपसून शहर पुन्हा उभं करणाऱ्या मजुरांना ते गरम, स्वस्त खाणं फार आवडलं. त्यात १९५६ साली जर्मनीत दुकानं बंद करण्याचा कायदा आला. संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी दुपारी दोनला दुकानं बंद, रविवारी तर उघडायचीच नाहीत. खाण्याच्या टपऱ्या मात्र या कायद्यातून सुटल्या. त्यामुळे रात्री घरी काही नसलं तर इम्बिस, म्हणजे रस्त्यावरची खाऊटपरी, हाच आधार. तुर्की माणसाने बर्लिनमध्ये सळई उभी करण्याआधीच त्याच्या रात्रीची जागा अशी तयार होऊन बसली होती.

आता मांसाकडे वळू. अनातोलियात आडव्या सळईवर मांस भाजायची रीत फार जुनी. एर्झुरुमकडचा जाअ कबाब अजूनही आडवाच भाजतात. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी ती सळई उभी केली. जेम्स रॉबर्टसनने १८५५ साली ऑटोमन मुलखात काढलेल्या एका फोटोत उभा डोनर स्पष्ट दिसतो. बुर्सा गावचे इस्कंदर एफेंदी यांच्या घराण्याचा दावा १८६७ सालचा आहे आणि त्यांच्या नावाचा इस्कंदर कबाब आजही मान मिळवून आहे. सळई उभी केल्याने काय साधलं? आडव्या मांसाची चरबी निखाऱ्यात पडते, धूर होतो, चव वाया जाते. उभ्या कोनात आग बाजूला असते आणि वितळलेली चरबी वरून खाली, थरांवरून ओघळत जाते. मांस स्वतःच्याच चरबीत न्हाऊन निघतं. बाहेरचा थर खरपूस झाला की तेवढाच तासून घ्यायचा, मग आतला थर आगीसमोर येतो. सुरीच्या एका फटक्यात ताजं, गरम, कुरकुरीत मांस मिळतं, तेही दिवसभर. पण बुर्साला ते ताटात वाढत. खाली पावाचे तुकडे, वर मांस, टोमॅटोचा रस्सा, वितळलेलं लोणी, शेजारी दही. हे बसून, सावकाश खायचं जेवण. रात्री तीनला रस्त्याने चालत खायची ती वस्तूच नव्हे.

तुर्की माणसं बर्लिनला आली ती भिंतीमुळे. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीने भिंत घालायला सुरुवात केली आणि पूर्वेकडून रोज कामाला येणारे हजारो कामगार एका रात्रीत तुटले. पश्चिम बर्लिनच्या कारखान्यांना हात कमी पडू लागले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. आलेल्या माणसांना घरं मिळाली ती भिंतीला खेटून असलेल्या क्रॉइत्सबेर्गसारख्या वस्त्यांत, जिथे जर्मन माणूस राहायला नाखूश होता. यांना पाहुणे कामगार म्हणत. पाहुण्याने काम संपलं की परत जावं हा त्यातला अर्थ. १९७३ साली तेलाचं संकट आलं, २३ नोव्हेंबरला भरती थांबली, पुढे कारखान्यांतल्या नोकऱ्याही जाऊ लागल्या. परत न गेलेल्या अनेकांनी पाहिलं की थोड्या भांडवलात, बायकामुलांच्या मदतीने चालवता येईल असा धंदा खाण्याचाच आहे.

पहिला डोनर कोणी केला त्याचा वाद इथला. कादिर नुरमान यांनी १९७२ साली झू स्टेशनसमोर डोनर पावात घालून विकला. जर्मन माणूस घाईत असतो, त्याला चालता चालता खायचं असतं, हे त्यांनी हेरलं होतं. मेहमेत आयग्युन यांचा दावा १९७१ चा, नेव्हजात सालिम यांचा रॉइटलिंगेन गावचा, १९६९ चा. युरोपातल्या तुर्की डोनर उत्पादकांच्या संघटनेने २०११ साली नुरमान यांचा मान केला. मला हे सगळेच खरे वाटतात. एकाच प्रकारची घाई, एकाच प्रकारचा पाव आणि एकाच प्रकारचे कामगार वेगवेगळ्या कोपऱ्यांवर एकत्र आले की एकच युक्ती अनेकांना सुचते. दादर स्टेशनबाहेर बटाटवड्याला पाव भेटला तोही गिरणीची पाळी गाठणाऱ्यांच्या घाईतच. नुरमान यांनी पेटंट घेतलं नाही, पैसाही फार मिळवला नाही. आपल्या माणसांना यावर पोट भरता येतं आणि लाखो लोक तो खातात, यात समाधान आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. २०१३ साली, ऐंशी वर्षांचे होऊन ते गेले.

तेव्हा या कुळकथेतला मोलाचा शोध मांसाचा नाही, पावाचा आहे. तुर्की पिदे नावाच्या मोठ्या चपट्या पावाचा चतकोर घ्यायचा, टोकाकडून चिरून त्याचा खिसा करायचा. ताट, टेबल, काटाचमचा सगळं एका झटक्यात गळून पडलं आणि डोनर मोकळा झाला. उभी सळई आणि उघडी रात्र यांचं लग्न या खिशाने लावलं. रात्री तीन वाजता कढई तापवायला, पीठ मळायला, रस्सा उकळायला कोणाला बळ असतं? सळईवरचा कोन मात्र सकाळपासून फिरतोच आहे. एकटा माणूस दुकान चालवू शकतो आणि चार जणांची रांग पाच मिनिटांत संपवू शकतो.

बर्लिनमध्ये राहत असताना घराखालच्या दुकानात मी हे तासन्‌तास पाहिलं आहे. रात्रपाळीचा उस्ता, म्हणजे डोनर करणारा कारागीर, पन्नाशीचा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला. पावाचा चतकोर तो आधी दाबयंत्रात टाकायचा, मग वळून लांब सुरीने वरून खाली मांस तासायचा. खाली पडणारे काप पकडायला दुसऱ्या हातात पत्र्याचं सुपलं. पावाला आतून चटणी लावायची, मग मांस, लाल कोबी, पांढरा कोबी, कांदा, टोमॅटो, काकडी, वरून पुन्हा चटणी. चटण्या तीन: हिरव्या पाल्याची, लसणाची आणि तिखट. शेवटी सुक्या लाल मिरचीची भरड. ‘सगळं घालू? तिखट?’ हा त्याचा ठरलेला प्रश्न, आणि पलीकडच्या माणसाचा तोल कितीही गेलेला असला तरी तो त्याच शांतपणे विचारायचा. हे खाणं करणाऱ्यांतले अनेक जण स्वतः दारूला शिवत नाहीत. पिऊन आलेल्या शहराला न पिणाऱ्या माणसांनी रात्रभर खाऊ घालायचं, सुट्टे पैसे मोजून परत द्यायचे, कोणी झोपायला लागला तर हलवून जागं करायचं. या सोशिकपणाचा डोनरच्या चवीत मोठा वाटा आहे, आणि तो लिहिला जात नाही याचं मला वाईट वाटतं.

प्यायल्यावर हे खाणं इतकं का गोड लागतं, याला शरीराचीही साथ आहे. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की नवी साखर तयार करणं मागे पडतं. शिवाय लघवीवाटे पाणी जातं. २०१७ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की उपाशीपोटी जागी होणारी मेंदूतली भुकेची केंद्रं दारूनेही जागी होतात. पोट भरलेलं असलं तरी मेंदू उपासमारीची हाकाटी करतो. अशा वेळी चरबी, मीठ, लसूण, मिरची आणि गरम पाव समोर आला की दुसरं काही सुचत नाही. खाल्ल्याने उतरते हा मात्र भ्रम. ते काम वेळच करते.

भिंत पडल्यावर डोनर पूर्व जर्मनीत पसरला आणि पाहता पाहता देशाचं खाणं झाला. १९८९ सालीच बर्लिनने नियम लिहून काढला: मांसात खिमा साठ टक्क्यांहून जास्त असता कामा नये. खाणं आपलंसं झालं तरी ते करणारी माणसं आपली झाली असं नाही. २००० सालापासून नवनाझींच्या एका टोळीने नऊ स्थलांतरितांचे खून केले. त्यातले दोघे डोनरच्या टपरीवर काम करणारे. वृत्तपत्रांनी त्या खुनांना ‘डोनर खून’ असं नाव दिलं आणि पोलीस वर्षानुवर्षं मेलेल्यांच्याच घरात गुन्हेगार शोधत राहिले. खरे मारेकरी २०११ साली उघड झाले. ते नाव मग वर्षातला सर्वांत निंद्य शब्द ठरवलं गेलं. ज्या माणसाच्या हातचं रात्री तीनला खाल्लं, त्याच्या मरणाला खाण्याचं नाव द्यायचं, याहून मोठी कृतघ्नता मला माहीत नाही.

त्याच उभ्या सळईची भावंडं जगभर आहेत. अरब मुलखात शवर्मा, ग्रीसमध्ये गिरोस. लेबनॉनहून गेलेल्यांनी मेक्सिकोत ती नेली आणि तिथे डुकराच्या मांसाचा, अननस लावलेला ताको आल पास्तोर झाला. कॅनडाच्या हॅलिफॅक्स गावात १९७० च्या दशकात एका ग्रीक माणसाने आटवलेल्या दुधाचा, व्हिनेगर आणि लसणाचा गोड सॉस घालून ‘डोनेअर’ काढला. बार सुटल्यावर एका चौकात तो खायची तिथल्या पिढ्यांना सवय लागली. २०१५ साली शहराच्या परिषदेने त्याला अधिकृत खाणं म्हणून मान्यता दिली.

मालकीचा वादही अलीकडेच झडला. डोनरची कृती संरक्षित करावी असा अर्ज तुर्कस्तानातून २०२२ साली युरोपीय संघाकडे गेला. गोमांस असेल तर जनावर किमान सोळा महिन्यांचं हवं, अशा त्यात अटी होत्या. जर्मनीत वासराचं आणि टर्कीचं मांस सर्रास वापरतात, त्यामुळे दुकानदार हबकले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अर्ज मागे घेतला गेला. मला ते योग्य वाटलं. बर्लिनचा डोनर हा बुर्साच्या डोनरचा बिघडलेला अवतार नाही, त्याला त्याचा स्वतःचा जन्म आहे.

बर्लिनला जाणं झालं तर दुकान निवडताना आधी कोन पाहावा. थरांच्या कडा वेगवेगळ्या दिसल्या तर ते मांसाच्या कापांचं रचलेलं काम. सगळं गुळगुळीत, एकसंध दिसलं तर खिमा जास्त. पाव भाजून मागावा. कांदा नको म्हणू नये. लसणाची आणि तिखट, दोन्ही चटण्या घ्याव्यात, आणि लिंबू असेल तर ते आपल्या हाताने पिळावं. सोबत आयरान, म्हणजे तिथलं खारं ताक, चांगलं गार आणि फेसाळ.