पंपावरचा हात

एप्रिल २०२०, कोविडच्या टाळेबंदीतली पहाट. पुणे-नाशिक रस्त्यावर एसटी नाही, हॉटेलांची शटरं खाली. नाक्यावर ओळखपत्र दाखवून तुम्ही मंचर-नारायणगाव पट्ट्यातल्या एका डायलिसिस केंद्रात पोहोचता. इथे तुम्ही तंत्रज्ञ आहात.

आधी आरओचं पाणी तपासायचं. याच पाण्यातून बनलेला द्राव मशिनमधून मिनिटाला अर्धा लिटर वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. पाण्यात क्लोरीनचा अंश राहिला तर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटतात. ही काळजी चहाच्याही आधीची.

पहिल्या पाळीला भीमाशंकरकडचे बाबा लेकाच्या मोटारसायकलवरून येतात. एक खेप चुकलीय. पाय सुजलेत, धाप लागलीय, वजन साडेचार किलोंनी वाढलंय.

"ताई, वाटंत दोनदा अडवलं. आता तुम्हीच बघा."

तुम्ही त्यांच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर, बोटं टेकवता. कातडीखालची थरथर लागते, जीव भांड्यात पडतो. दोन जाड सुया जातात. पीपीई किटमध्ये घाम डोळ्यांत उतरतो, पुसता येत नाही. तासाभरात बाबांचं बीपी कोसळतं. डोकं खाली, पाणी काढणं बंद, सलाईन सुरू. ते सावरतात न सावरतात तोच लाईट जाते आणि शेजारच्या मशिनची बॅटरी दगा देते. रक्त नळीत थांबलं तर गोठेल, म्हणून तुम्ही पंपाचं हँडल हातानं फिरवत राहता, जनरेटर लागेपर्यंत.

दुपारी खिडकीजवळची खाट रिकामी दिसते. तिथल्या आजी वर्षानुवर्षं यायच्या, नातीच्या लग्नाच्या गोष्टी सांगायच्या. काल गेल्या. रडायला सवड नाही, यादीतला पुढचा रुग्ण दारात उभा आहे. इथला माणूस बरा होऊन निरोप घेत नाही. तो घरच्यासारखा होतो आणि मग एक दिवस येत नाही.

या कामात धोका सेवा करणाऱ्यालाही असतो. तो पाहायला आणखी पन्नास वर्षं मागे चला, एडिंबरातल्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात. १९६९-७० मध्ये हिपॅटायटिस बी तिथल्या डायलिसिस विभागात शिरला. रुग्ण दगावले, त्यांची सेवा करणारेही दगावले. अशा साथींनी या कामाला शिस्त लावली: हातमोजे, बाधितांसाठी वेगळी मशिनं, रक्ताच्या नियमित तपासण्या आणि पुढे लस. आज तुमच्या हातात जे मोजे आहेत, त्यांची किंमत कुणीतरी जिवानं मोजली आहे.

शरीराला असं संरक्षण मिळालं, मनाला अजून मिळायचं आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारा बर्नआऊट आपल्या वर्गीकरणात व्यवसायाशी निगडित बाब म्हणून मांडला. नोंद झाली, आता व्यवस्था हवी. रजेवर जाताना बदली माणूस हवा, पाळीत पुरेसे हात हवेत, रुग्ण गेल्यावर सगळ्यांनी बसून बोलायला अर्धा तास हवा. जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांत एक तंत्रज्ञ थकून काम सोडून गेला, तर त्याच्या पाळीतल्या प्रत्येक रुग्णाला पुण्याची वाट धरावी लागू शकते. म्हणून हँडल फिरवणाऱ्या हाताची काळजी घेणं हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे, आणि तो केंद्राच्या खर्चाच्या हिशेबात धरलाच पाहिजे.