घाणेरी आपल्या रानात आली कशी?



मुरबाड-शहापूरकडे, सिद्धगडाच्या बाजूला वरकस जमिनीत आणि पायवाटेच्या कडेला घाणेरीची जाळी दिसते. कोणी तिला टणटणी म्हणतात. आजोबांच्या वेळेपासून आहे म्हणून ती इथलीच, असं आपण धरून चालतो. पण तिचं मूळ ठिकाण अमेरिका खंडातला उष्ण प्रदेश. पिवळी-गुलाबी फुलं पाहून युरोपातल्या लोकांनी ती बागेसाठी नेली, आणि १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या कंपनी सरकारच्या बागेत आली. पुढे बंगल्यांना, बागांना तिचं कुंपण झालं. गुरं तोंड लावत नाहीत, हा तेव्हा गुण वाटला!

कुंपणावरून ती रानात गेली ती पाखरांमुळे. बुलबुल, साळुंकी पिकलेली काळी फळं खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. जिथे झाड तुटलं, राब भाजला, जमीन उघडी पडली, तिथे ती आधी उगवते. मग तिच्याखाली गवत होत नाही.

सरकारने उपाय केले नाहीत असं नाही. १९२१ साली हवाई बेटांवरून तिचं फळ पोखरणारी माशी आणली. १९४१ साली ऑस्ट्रेलियातून पानं शोषणारा ढेकूण डेहराडूनला आणला. तपासणीत तो सागाच्या फुलावरही बसतो असं दिसलं, म्हणून मारून टाकायचं ठरलं. पण तो निसटला. घाणेरी मात्र आहे तिथेच आहे.

म्हणून काम कुदळीचंच. नुसती कोयत्याने छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. जाळली तरी तेच. लावणी उरकली की जमीन मऊ असते. तेव्हा बुंध्याभोवती उकरून, मातीखाली चार बोटं मुख्य मूळ तोडावं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवावं. फळं धरण्याआधी हे करावं. मोकळ्या जागी लगेच चाऱ्याच्या गवताचे ठोंब लावावेत, नाहीतर पाखरं आहेतच. जागा वनखात्याची असेल तर आधी वनरक्षकाला विचारावं.

चारा संपलेल्या दिवसांत भुकेलं किंवा नवं विकत आणलेलं जनावर हा पाला खातं. मग ते खाणं सोडतं, शेण घट्ट होतं, डोळे पिवळे पडतात, ऊन सोसत नाही, नाकपुडीची कातडी सोलते. अशा जनावराला सावलीत बांधा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.