पाच मैलांचं घर

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. अण्णांचं म्हणणं, यंदा कौलं काढून स्लॅब टाकू. मुद्दा बिनतोड. दरवर्षी वानरं कौलं फोडतात आणि मग पावसाळाभर घरात पातेली मांडायची. मीही मान डोलावली. तेवढ्यात कॉलेजात जाणारी पुतणी म्हणाली, "काका, सिमेंट कसं करतात माहित्ये?" ही पोरगी २०१९ साली ग्रेटा थनबर्गचं बघून शाळा बुडवून मोर्चाला गेलेली. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा वाचलेलं बरं. वीकेंड त्यातच गेला.

तर मंडळी, सिमेंटसाठी चुनखडी साधारण १४५० अंशांपर्यंत तापवतात. मला वाटायचं, धूर फक्त कोळशाचा. पण चुनखडी फुटते तेव्हा तिच्या पोटातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच! म्हणजे उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी सुटका नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा.

वाचता वाचता लॉरी बेकर सापडले. जन्म १९१७, बर्मिंगहॅम. महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना बोटीची वाट बघत मुंबईत अडकले, आणि तिथे गांधीजींशी गाठ पडली. वय तिशीच्या आत. गांधीजींनी सांगितलं, की आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधलेलं असावं. शिकलेला आर्किटेक्ट हे ऐकून हसून विसरून गेला असता. हा गडी १९४५ मध्ये परत आला तो इथलाच झाला. आधी कुष्ठरोग्यांची इस्पितळं, मग पिथोरागड, मग केरळ.

त्यांची एक युक्ती म्हणजे रॅट-ट्रॅप बाँड. विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या करायच्या. भिंतीत पोकळी राहते, जवळपास पाव हिश्श्याने विटा वाचतात, घर थंड. दुसरी फिलर स्लॅब, आणि ही मला फारच आवडली. स्लॅबच्या खालच्या भागात ताण येतो तो सळई घेते, तिथलं काँक्रीट बरंचसं फुकट बसलेलं असतं. आमच्या भाषेत डेड कोड! बेकर तिथे जुनी मंगलोरी कौलं भरायचे. तिरुअनंतपुरमला तंपानूरचं गोल इंडियन कॉफी हाऊस त्यांचंच.

खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांचा हिशोब कार्बनचा नव्हता, गरिबाच्या खिशाचा होता. आणि गंमत (की खंत?) अशी, की पुढे त्यांची घरं बरीचशी शिकल्यासवरल्या मध्यमवर्गानेच बांधून घेतली. गरिबाला प्लॅस्टर केलेलं 'पक्कं' घर हवं होतं. त्याला दोष कसा देणार? अण्णांनाही तेच हवंय. बेकर २००७ मध्ये गेले.

असो. रविवारी रात्री अण्णांना फोन केला. भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत, त्या तशाच ठेवू. स्लॅब टाकू, पण आत आपलीच कौलं घालू. वानरांचा प्रश्नही मिटला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "गवंडी ऐकायचा नाही."

इंजिनियरला विचारून सळईचा हिशोब करून घेईन, गवंड्याला मी समजावतो, म्हटलं.

सकाळी पुतणीचा मेसेज: आजोबा पडवीत बसून शाबूत कौलं मोजतायत.