अर्धशिशी आणि चुकलेली उपपत्ति

शास्त्रांच्या प्रगतीविषयीं एक सोयीस्कर समजूत आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींत रूढ आहे. आधीं निरीक्षण, मग उपपत्ति, नंतर प्रयोगाची कसोटी आणि शेवटीं उपयोग, अशा पायऱ्या चढत ज्ञान वर जातें, असें आम्ही शिकलों आणि विद्यार्थ्यांसही तसेंच शिकवीत आलों. ही समजूत तपासून पाहण्यास फार दूर जावयास नको. घरोघर आढळणारी अर्धशिशी तेवढ्यास पुरे आहे.

रोग जुनाच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत तो 'अर्धावभेदक' या नांवानें येतो. दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गेलन यानें त्यास दिलेल्या नांवाचा अर्थही अर्धें मस्तक असाच आहे, आणि त्याचाच अपभ्रंश होत होत 'मायग्रेन' हा शब्द झाला. नांवाविषयीं एवढें एकमत, कारणाविषयीं मात्र वाद. सतराव्या शतकांत इंग्लंडांत टॉमस विलिस यानें रक्तवाहिन्यांकडे बोट दाखविलें. सन १८७३ मध्यें एडवर्ड लिव्हिंग यानें हें मज्जातंतूंचें वादळ होय असें प्रतिपादिलें. युक्तिवाद दोघांपाशीं होता. मोजमाप कोणापाशींच नव्हतें.

औषध मात्र या वादाच्या निकालासाठीं थांबलें नाहीं. युरोपांत राय नांवाच्या धान्यावर अर्गट ही बुरशी पडते. मध्ययुगांत ती पोटांत जाऊन माणसांचे हातपाय सडत. याच विषांतून सन १९१८ मध्यें बाझल येथें आर्थर श्टोल यानें अर्गोटामिन हें द्रव्य वेगळें काढलें, आणि पुढील दहा वर्षांत तें अर्धशिशीवर गुण देतें असें दिसून आलें. तें कां गुण देतें हें कोणी सिद्ध केलेलें नव्हतें. सन १९३८ मध्यें न्यूयॉर्कांत ग्रॅहॅम व वुल्फ यांनीं रोग्यांच्या कानशिलावरील नाडीचा आलेख घेतला. अर्गोटामिन टोचल्यावर ठोके लहान होत गेले व त्यांबरोबर वेदनाही ओसरली. वाहिन्या फुगतात म्हणून डोकें दुखतें, हें आतां सिद्धच झालें असें वाटलें. लिव्हिंगचें वादळ मागें पडलें.

या उपपत्तीनें पुढें एक मोठें काम केलें. मस्तकांतील वाहिन्या आकुंचित करील, पण इतरत्र शक्य तितका कमी परिणाम करील, असें द्रव्य शोधण्याचा उद्योग इंग्लंडांत पॅट्रिक हम्फ्री व त्यांचे सहकारी यांनीं आरंभिला. त्यांतून निघालेलें सुमाट्रिप्टान सन १९९१ मध्यें बाजारांत आलें, आणि असंख्य रोग्यांस त्यानें आराम दिला. उपपत्तीचा याहून मोठा विजय तो कोणता!

परंतु त्याच सुमारास तिचा पायाही खचत होता. सन १९९० मध्यें ओलेसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोपनहेगन येथील मोजमापें प्रसिद्ध केलीं. मेंदूंतील रक्तप्रवाह कमी झालेला असतांनाच वेदना सुरू होते, असें त्यांत दिसलें. गोड्सबी व एड्विन्सन यांस झटक्याच्या वेळीं गळ्यांतील नीलेच्या रक्तांत मज्जातंतूंतून स्रवणारें सी. जी. आर. पी. नांवाचें द्रव्य वाढलेलें आढळलें, आणि सुमाट्रिप्टान दिल्यावर तें उतरलें. म्हणजे वाहिन्या आवळण्यासाठीं घडविलेलें औषध मज्जातंतूंवरही काम करीत होतें. सन २०१८ मध्यें या द्रव्यासच अडविणारीं औषधें मान्य झालीं. तीं वाहिन्या आवळीत नाहींत. ज्या हृदरोग्यांस सुमाट्रिप्टान वर्ज्य होतें त्यांच्या दृष्टीनें हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे.

येथें एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, कालची उपपत्ति चुकली तर आजची तरी कशावरून खरी? प्रश्न रास्त आहे. परंतु ग्रॅहॅम-वुल्फ यांचा आलेख खोटा ठरलेला नाहीं, त्याचा अर्थ बदलला आहे. त्यांनीं आपली चूक मोजतां येईल अशा रूपांत मांडली, म्हणून ती पुढच्यांस दुरुस्त करतां आली. केवळ शब्दांत मांडलेलें मत, खरें असो वा खोटें, शतकभर तसेंच पडून राहतें.

मोजमापास उपकरणच लागतें असेंही नाहीं. कार्ल लॅशले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञास स्वतःसच हा विकार होता. डोळ्यांपुढें पसरत जाणारी आंधळी जागा तो घड्याळ पाहून कागदावर रेखाटीत असे. त्यावरून मेंदूंत कांहीं तरी मिनिटास सुमारें ३ मिलिमीटर वेगानें सरकत असावें, असें गणित त्यानें सन १९४१ मध्यें मांडलें. तीन वर्षांनीं लेआंव या ब्राझिली संशोधकास सशाच्या मेंदूंत तशीच मंद सरकणारी लाट सांपडली, आणि सन १९५८ मध्यें मिल्नर यांनीं दोन्ही वेगांचा मेळ दाखवून दिला.

आमच्या मातोश्री कपाळास सुंठेचा लेप लावून अंधाऱ्या खोलींत पडून राहत. डोळ्यांपुढें आधीं चकाकत्या नागमोडी रेषा येतात, असें त्या सांगत. घरांतील वडील मंडळी त्यास ढोंग म्हणत, आणि शास्त्र शिकलेले आम्हीही गप्प बसत असूं. लॅशलेनें जें कागदावर उतरविलें, तेंच त्या तोंडानें सांगत होत्या. तो पुरावा आमच्या घरांतच होता. आम्हीं तो कधीं विचारून घेतला नाहीं.