थीम फोटोशूट आजचं नाही, मंडळी!

हा भाग तुम्ही रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ऐकत असाल, नाहीतर दौंड-पुणे गाडीत उभ्यानं. कुठंही असा, एक काम करा. फोनची गॅलरी उघडा आणि घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणाचा तरी नऊवारी नेसून, नथ घालून काढलेला फोटो शोधा. हमखास सापडेल. आपल्या घोडनदीत, म्हणजे शिरूरमध्ये, आणि तिकडं दौंडला आता थीम फोटोशूट ही नेहमीची गोष्ट झालीये. कधी पेशवाई थीम, कधी गावाकडची थीम, कधी गुऱ्हाळावर, कधी नदीकाठी.

आजचा प्रश्न असा की, ही पद्धत आली कुठून? आणि जुन्या फोटोंमधले चेहरे इतके ठसठशीत का वाटतात, जेव्हा आपल्या महागड्या फोनमधले चेहरे सपाट दिसतात?

पडद्यापुढची माणसं

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे वर्ग सुरू झाले. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत असतात. त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. म्हणजे हे तंत्र साहेबानं आणलं खरं, पण आपल्या लोकांनी ते लगेच हातात घेतलं.

त्याच काळात विल्यम जॉन्सन नावाचा छायाचित्रकार मुंबईत काम करत होता. त्यानं मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढून दोन खंडांचं पुस्तक केलं, १८६३ आणि १८६६ साली. आता गंमत ऐका. यातली बरीच माणसं चित्रात दिसतात त्या जागी उभीच नव्हती! त्यांना वेगळीकडं बसवून फोटो काढला, देवळाचा किंवा तळ्याचा फोटो वेगळा काढला आणि दोन्ही जोडले. आपण ॲपमध्ये बॅकग्राउंड बदलतो ना, तेच. फक्त दीडशे वर्षांआधी, काच आणि कागद वापरून.

पण त्या पानांखाली काय लिहिलंय? जातीचं नाव, नाहीतर धंद्याचं. माणसाचं नाव नाही. कुणीतरी आपले दागिने घालून आली, सांगितलं तशी बसली, आणि पुस्तकात ती फक्त एक नमुना म्हणून उरली. थीम फोटोग्राफरची होती, चेहरा तिचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

उजेड उत्तरेकडून का?

त्या काळी काचेवर रसायन ओतून, ती काच ओली असतानाच फोटो काढावा लागे आणि लगेच धुवावा लागे. प्रकाश पडायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागं लोखंडी टेकण लावत. वीज नाही, फ्लॅश नाही. मग करायचं काय? स्टुडिओच्या छताला किंवा भिंतीला मोठी काच बसवायची, शक्यतो उत्तरेच्या बाजूला.

उत्तरच का? आपल्याकडं सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून कलून जातो. मे ते जुलैमधले काही आठवडे सोडले, तर उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आभाळाचा उजेड. मऊ आणि दिवसभर साधारण एकसारखा. तो चेहऱ्याच्या एका बाजूला पडतो, दुसरी बाजू हळूहळू सावलीत जाते. त्या उतरत्या सावलीमुळं नाक, गाल, हनुवटी यांना आकार येतो. सावली फार काळी झाली, तर त्या बाजूला पांढरं कापड धरायचं. बस, एवढंच शास्त्र. आजच्या स्टुडिओतला सॉफ्टबॉक्स म्हणजे त्या खिडकीची नक्कल आणि रिफ्लेक्टर म्हणजे ते कापड.

काचेला लाल दिसत नव्हतं

आता जरा महत्त्वाचं. त्या जुन्या काचा फक्त निळा-जांभळा प्रकाश ओळखायच्या. लाल त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोत आभाळ पांढरं फटक आणि कपाळावरचं कुंकू काळं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत तांबूस-पिवळी झाक असते, त्यामुळं चेहराही होता त्यापेक्षा काळपट यायचा. १८७३ साली हेरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानं रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा-पिवळा प्रकाश दाखवायची युक्ती शोधली. सगळे रंग नीट ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला मात्र विसावं शतक उजाडलं.

तोवर उपाय काय? पेन्सिल. निगेटिव्हवर पेन्सिलनं काम करायचं, की कागदावर चेहरा उजळ येतो. कॅमेऱ्याची उणीव भरून काढायला सुरू झालेल्या या कामात ‘जरा गोरा करा’ ही मागणी कधी मिसळली, ते सांगणं अवघड आहे. पण मिसळली हे नक्की, कारण आजच्या फोनला लाल, पिवळा सगळं दिसतं, तरी आपण ते काम थांबवलेलं नाही.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं मागं एका कापडदुकानासाठी नऊवारी थीमचं शूट केलं. रंग सावळा, नाक धारदार, डोळे बोलके. दुकानाचा फ्लेक्स लागला, त्यात ती दोन-तीन शेड गोरी आणि नाकाचा बाकही गायब. तिच्या आजीनं फ्लेक्सकडं बघून विचारलं, “ही कोण गं?” पोरगी हसली, पण नंतर मला म्हणाली, “दादा, पैसे मिळाले, पण फोटो माझा नाही.” जॉन्सनच्या पुस्तकात नाव गेलं होतं. इथं तर चेहराच गेला.

थीम ज्याची त्यानं ठरवली तर

इतिहासात उलटी उदाहरणंही आहेत. १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख असलेला फिलाडेल्फियातला एक फोटो तुम्ही पाहिला असेल. महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी: साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. पोशाखाची थीमच म्हणा की! पण इथं तिघींची नावं आहेत, आणि फोटो बघणाऱ्याला त्यांचं शिक्षणही कळतं.

दुसरं उदाहरण तर दौंड तालुक्यातलं. केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई १९२२ साली तिथंच वारल्या. त्यांचे फोटो बघा. आखूड केस, साधी साडी, दागिन्यांचा सोस नाही. विधवेच्या आखूड केसांकडं लोक ज्या नजरेनं बघत, त्या काळात ही बाई कॅमेऱ्यापुढं तशीच ताठ बसते. फोटोत लपवायचं काय आणि दाखवायचं काय, हे तिनं ठरवलंय असं वाटतं.

आणि बालगंधर्व! १९११च्या ‘मानापमान’मधली भामिनी, १९१६च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी. पुरुष कलावंत, पण मान किती कलती ठेवायची, पदर कुठून घ्यायचा, बोटं कशी ठेवायची, याचं भान असं की, घरंदाज बायका त्यांच्या साडीची आणि दागिन्यांची फॅशन उचलायच्या. पोज देणं हेही एक कसब आहे, हे त्यांचे फोटो बघून पटतं.

पुढं कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी, जे मुळात नाटकांचे पडदे रंगवायचे, १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम दिवे वापरले. तिथून उजेड सूर्याच्या वेळापत्रकातून सुटला.

मग आपण काय करायचं?

यातलं शिरूर-दौंडमध्ये, हातातल्या फोनवर काय जमेल, ते सांगतो.

भर दुपारी नदीकाठी शूट नको. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकावर चकाकी. सकाळी पहिला तास-दीड तास घ्या, नाहीतर संध्याकाळचा. दुपारीच करायचं असेल तर ओसरी गाठा. मॉडेलला उंबऱ्याच्या आत, उजेडाकडं थोडा तिरका चेहरा करून बसवा. अंधाऱ्या बाजूला आजोबांचं पांढरं धोतर धरा. झाला रिफ्लेक्टर. झाडाखाली उभं करणार असाल तर पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर नाहीत ना, बघा.

फोनवर बोट नथीवर नाही, गालावर ठेवा. दाबून धरलं की उजेड तिथं लॉक होतो. मग तो किंचित कमी करा. सावळा रंग उजळवायचा नसतो, त्यावरची चमक पकडायची असते. त्यासाठी बाजूनं येणारा उजेड आणि मागं गडद भिंत, म्हणजे आपला काळा दगड, याला तोड नाही. यवतजवळच्या भुलेश्वर मंदिरात जाळीतून आत येणारा उजेड मूर्तींवर कसा पडतो, ते एकदा निवांत बघून या. अख्खा धडा तिथं आहे.

फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. दोन पावलं मागं या आणि दुप्पट झूम घ्या. नदीची किंवा बांधाची आडवी रेघ मानेतून जाऊ देऊ नका. ती ज्या बाजूला बघतेय, त्या बाजूला मोकळी जागा सोडा. हात कुठं ठेवायचे ते आधीच ठरवा, हातात काहीतरी खरं काम द्या. गुऱ्हाळावर असाल तर गुळाची ढेप, घरी असाल तर सूप.

आणि क्लिक करायच्या आधी तिला विचारा, की थीम काय असावी. फोटो कुठं वापरणार, फ्लेक्सवर की इन्स्टावर, तेही सांगा. एडिट केलेला फोटो तिला दाखवल्याशिवाय बाहेर सोडू नका. टाकताना खाली तिची परवानगी असेल तर तिचं नाव लिहा. दोन शब्द टाइप करायला असा किती वेळ लागतो?

तुमच्या घरात आजी-पणजीचा स्टुडिओतला फोटो असेल, तर या रविवारी तो खाली काढा. उजेड कुठल्या बाजूनं आलाय ते ओळखा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मागं पेन्सिलनं नाव, गाव, साल लिहून ठेवा. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, बघत राहा!